आईची रिंग

मी कल्याणला एका खासगी क्लासमध्ये इंग्रजी व्याकरण शिकवते आणि आई आंबिवलीला एकटी राहते. दुपारची झोप झाली, चहा ठेवला, की ती मला रिंग देते. मी फोन उचलायचा नाही. रिंग आली म्हणजे आई ठीक आहे. फोनवर बोलायला पैसे पडायचे तेव्हापासूनची ही आमची रीत. आता बोलणं फुकट झालं तरी आई ती सोडायला तयार नाही.

मी मुळात घाबरट. रिक्षावाल्याने ब्रेक जरा जोरात मारला तरी माझ्या डोळ्यांसमोर हॉस्पिटल उभं राहतं. त्यातून मागच्या महिन्यात आईला बाथरूममध्ये चक्कर आलेली. तेव्हापासून रिंगची वेळ झाली की माझी नजर मोबाइलवरून हलत नाही.

त्या दिवशी नेमका माझा डेमो होता. नवीन बॅच सुरू होण्याआधी आमच्याकडे असा एक तास असतो. मुलं पुढे, पालक मागच्या बाकांवर आणि क्लासचे मालक दाराशी खुर्ची टाकून. विषय माझ्या आवडीचा होता. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला कधीकधी असा एक तुकडा येतो, की तो नक्की कुणाविषयी आहे तेच कळत नाही. मोबाइल टेबलावर ठेवला होता, आवाज बंद करून, पण पडदा माझ्याकडे.

मी फळ्यावर लिहिलं, 'ईटिंग डिनर, द फोन रँग.'

"आपण म्हणतो, जेवताना फोन वाजला. फोन जेवत होता असं आपल्या मनातही येत नाही. कोण जेवत होतं ते आपलं आपल्याला कळतं. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामानंतर जो पहिला भेटेल, त्याच्या गळ्यात ते जेवण पडतं."

मुलं हसली. मागे एक आजोबाही हसले. मी पडद्याकडे पाहिलं. चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"आता तुम्ही सांगा एखादं," मी म्हटलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "क्लायंबिंग द स्टूल, द बल्ब फेल."

बल्बच स्टुलावर चढला आणि पडला म्हणून वर्ग खो-खो हसत सुटला. मला हसू येईना. आईचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. वर माळ्यावर पापडांचा डबा, खाली ते डुगडुगणारं स्टूल. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. लाखदा सांगितलंय, चढू नकोस म्हणून.

"मग स्टुलावर कोण होतं?" मी विचारलं. आवाज नको तेवढा चढला. ती मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "सांग ना, कोण होतं?"

मालक खुर्चीत ताठ झाले.

मी मोबाइल घेऊन पॅसेजमध्ये आले आणि आईला फोन लावला. पूर्ण वाजला. उचलला नाही. परत लावला, परत लावला. आईचे शेजारी लग्नाला गावी गेलेले. मी आत जाऊन पर्स उचलली.

"सर, मला जायला लागेल. आई फोन उचलत नाहीये."

"अहो मॅडम, पालक बसलेत समोर!"

मी खाली येऊन रिक्षा थांबवली.

रिक्षा शहाडच्या पुलावर अडकली. रिक्षावाला निवांत गुणगुणत होता, त्याचा मला भयंकर राग आला. आई पडली असेल, हाका मारत असेल, असं वाटत होतं. मग वाटलं, हाकाही मारत नसेल. मी तोंडावर हात दाबून धरला. देवीला ओटी बोलले, गणपतीला मोदक बोलले, आठवेल त्या देवाला काही ना काही कबूल केलं.

जिने कशी चढले आठवत नाही. बेल दाबतच राहिले.

आईने दार उघडलं. हातात चहाचा कप. मला बघून तिचाच चेहरा पांढरा पडला.

"अगं, तू इथे कशी? काय झालं? क्लासमध्ये काही झालं का?"

"रिंग का नाही दिलीस?" मी दारातच ओरडले.

"आज तुझा डेमो ना! म्हटलं, शिकवताना मध्येच वाजायला नको."

"आणि मी फोन करत होते तो का नाही उचललास?"

"उचलायचा कसा? तू रिंग देत होतीस ना, मला कळावं म्हणून! पहिली आली तेव्हा म्हटलं, बरा झाला वाटतं. मग परत आली, परत आली. म्हटलं, फारच छान झालेला दिसतोय. देवापुढे साखर ठेवली बघ."

देवापुढे खरंच साखरेची वाटी होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्याच स्टुलावर बसले आणि रडले. तिचा रागही येत होता आणि तिला घट्ट धरून ठेवावंसंही वाटत होतं. डेमोचं काय झालं ते तिला सांगवेना. ती माझ्यासाठी चहा गाळत राहिली.

कप माझ्या हातात देऊन तिने चष्मा लावला, आपला फोन घेतला आणि सावकाश एक बटण दाबलं. माझ्या मांडीवरची पर्स थरथरायला लागली.

"आजची राहिली होती," आई म्हणाली. "उचलू नकोस हं."