नरसाबाईची सनद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, भावजयीला नाही, तीस-पस्तीस वर्षं ज्यांच्यासोबत एका शाळेत काढली त्या बायांनासुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. शेवटची वर्षं ती, पण शेवटची आहेत हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? मी लातूरची. लग्न करून जळकोटला दिली होती. तिथं काय झालं ते इथं लिहीत नाही. माझ्या डाव्या हाताचं मनगट आजही पूर्ण वळत नाही, एवढंच. मी माहेरी पळून आले, तेव्हा भावानं सरळ सांगितलं, "एक साल देतो. नांदेडला मास्तरणींचा वर्ग निघालाय, तिथं जा. सनद मिळाली तर तुझी तू. न्हाई मिळाली तर मी सोता जळकोटला नेऊन सोडतो."

सनद म्हणजे शिकवण्याचा परवाना. तो नसेल तर सरकारी शाळेत मास्तरीण होता येत नसे.

आम्ही वर्गात नऊ जणी होतो. माझ्या खोलीत नरसाबाई होती. देगलूरची, विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. विधवा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी रडत बसले की ती माझ्या पुढ्यात भाकरी सरकवायची आणि म्हणायची, "खा सुशे. उपाशी पोटी रडू बी येत न्हाई नीट."

शिकवण्याच्या सरावासाठी आम्हा दोघींना गिरणीमागची मुलींची शाळा दिली होती. तिथं जायला कुणी तयार नसायचं. एका लांब पत्र्याच्या खोलीत साठ पोरी. गिरणी कामगारांच्या, कातडं कमावणाऱ्यांच्या, हमालांच्या. कुणी मराठी बोलणारी, कुणी तेलुगू, कुणी दखनी. निम्म्या पोरी कडेवर भावंडं घेऊन यायच्या. मी फळ्याकडे वळले की मागे बाजार भरायचा. मी ओरडायचे, छडी आपटायचे — मला शिकवता येत नव्हतं. किती साधं वाक्य आहे हे. तेव्हा ते स्वतःशीसुद्धा म्हणवलं नाही.

आणि नरसाबाई? ती दारात येऊन नुसती उभी राहिली तरी पोरी गप व्हायच्या. ती ओरडत नसे. मातीच्या जमिनीवर बसकण मारायची, काडीनं रेघ ओढायची, तांब्यानं पाणी सोडायची. "ही गोदावरी. नीळ्ळु कुठं चाललं बघा." तेलुगू पोरींना नीळ्ळु म्हणजे पाणी, ते बाकीच्यांनाही आपोआप कळायचं. मग एकेक पोर खडा ठेवायची — हे नांदेड, हे माझं घर. कडेवरची भावंडंसुद्धा बघत राहायची.

परीक्षेसाठी हैदराबादहून एक अधिकारी बाई आल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाईसाहेब म्हणायचो. एकेकीनं त्यांच्यासमोर धडा द्यायचा. एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली होती : मुलींकडून धडा आधी घोकून घ्यायचा नाही. जिनं घोकून घेतला, तिची सनद गेली.

नरसाबाईचा धडा आधी झाला. स्वच्छतेवरचा. बाईसाहेब वीस मिनिटांसाठी आल्या आणि तासभर बसून राहिल्या. माझा धडा दुसऱ्या दिवशी होता, त्याच पोरींवर. विषय गोदावरी.

शाळा सुटल्यावर मी नरसाबाईचे पाय धरले. खरंच धरले. म्हटलं, पोरींना थांबवून घे, उद्याचे प्रश्न-उत्तरं करून घे, माझ्याच्यानं होणार नाही, मला जळकोटला जायचं नाही. नियम तिलाही माहीत होता. मग तिनं माझ्या मनगटाकडं बघितलं आणि म्हणाली, "ऊठ. पोरींना बोलव."

दुसऱ्या दिवशी पोरी अगदी शहाण्यासारख्या बसल्या. माझा दुसरा प्रश्न झाला, आणि पुढच्या रांगेतली काशी, सात-आठ वर्षांची, आनंदानं उभी राहून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी झाली. मी तो अजून विचारलाच नव्हता.

बाईसाहेबांनी मला बाहेर बोलावलं. रागावल्या नव्हत्या. थकलेल्या आवाजात विचारलं, "इन लड़कियों को किसने रटाया?"

मी म्हणाले, "नरसाबाईने."

खरं होतं की नाही? एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आपके कहने पर?"

आणि मी म्हणाले, "जी नहीं."

एवढंच. इतकी वर्षं ज्याच्याभोवती फिरते आहे ते हे दोन शब्द. त्या मग म्हणाल्या की म्हणजे कालचा धडाही असाच घोकलेला असणार, या बाईला सवयच दिसते. मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि मी घेऊ दिला.

नरसाबाईला बोलावलं. काल पोरींना थांबवून घेतलं होतं का, असं विचारलं. ती हो म्हणाली. का, ते सांगितलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं — मला वाटतं ती वाट बघत होती, की आता सुशी बोलेल. मी माझ्या पदराच्या काठाकडं बघत होते.

खोलीवर आल्यावर तिनं विचारलं, "तू सांगितलंस न्हाई का, की तूच म्हणालीस म्हणून?"

"सांगितलं गं," मी म्हणाले. "त्यांनी ऐकूनच घेतलं न्हाई."

तिनं मला जवळ घेतलं. माझी समजूत काढली. तिनं — माझी!

मला सनद मिळाली, तिची गेली. नेमणूकही त्याच गिरणीमागच्या शाळेत मिळाली, कारण तिथली जागा कुणालाच नको होती. नरसाबाईला देगलूरला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ती त्याच शाळेत बोलावणारी बाई म्हणून लागली. सकाळी घरोघर जाऊन पोरींना हाताला धरून आणायचं, संध्याकाळी पोचवायचं, मधल्या वेळी दाराबाहेर बसायचं. पोरींसमोर ती मला बाई म्हणायची. दोघीच असलो की सुशे. आणि माझ्या वर्गात गोंधळ झाला की ती काही न बोलता दारात येऊन उभी राहायची.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मी त्या शाळेची मुख्य झाले. मग एकदा मला महिनाभर ताप आला, तेव्हा वर्ग नरसाबाईनंच सांभाळला, आणि नेमक्या त्या दिवसांत नव्या अधिकारी बाई तपासणीला आल्या. मी उठून कामावर गेले तर त्यांचं पत्र येऊन पडलेलं. या बाईला सनद का नाही? काय घडलं होतं ते तुम्ही लिहून कळवा, मी फेरविचार करीन.

मला लिहायचं काय होतं? चार ओळी. आणि आता तर भीतीही उरली नव्हती — भाऊ वारला होता, जळकोटचं घर उठून गेलं होतं. मला धाक कुणाचा होता? पण मी चार ओळी लिहिल्या असत्या तर पोरींना कळलं असतं, त्यांच्या आयांना कळलं असतं, तिला कळलं असतं. मी दोन दिवस कागद समोर घेऊन बसले. शेवटी लिहिलं की सदर बाईनं परीक्षेत फसवणूक केली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जबाबदारीच्या कामास ती लायक नाही.

पहिल्यांदा मी घाबरले होते. या वेळी नव्हते.

लखोटा बंद केला आणि कचेरीत पोचवायला तिच्याच हाती दिला. निरोप पोचवायला शाळेत दुसरं माणूसच नव्हतं. तिनं तो पदराखाली नीट धरला आणि विचारलं, "जवाब आणायचा हाय का?"

ती दुपारी परतली. कचेरीत तो कागद तिच्यासमोर वाचला गेला, की अधिकारी बाईंनी तिलाच जाब विचारला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी एकटीच बसले होते. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "पोचवला, बाई. तुम्ही दवा घेतली का?"

त्यानंतर तिनं मला कधीच सुशे म्हटलं नाही.

काम मात्र तिनं एक दिवसही चुकवलं नाही. पुढं निजामाचं राज्य डळमळायला लागलं, गडबडीचे दिवस आले, गावंच्या गावं रिकामी व्हायला लागली, आणि तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. मला न सांगताच गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत अकरा पोरी आल्या. बोलवायला कोण जाणार? मीच गेले. गिरणीमागच्या त्या बोळांत मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. एका दारात चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यांनी माझ्यामागं पाहिलं, आणि विचारलं, "नरसाबाई कुठं हाय? बरी हाय न्हवं?"

"तिची बदली झाली," मी म्हणाले. "देगलूरला. मास्तरीण म्हणून."

त्या सगळ्या हसल्या. एकीनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "लई बरं झालं माय. सरकारला उशिरा का होईना, कळलं म्हणायचं."

मी हो म्हणाले, आणि त्यांच्या पोरींना घेऊन शाळेत आले.