व्हर्ननचा पाय आणि सरकारी फॉर्म

अलाबामातल्या टकर्सविलला लष्करासाठी तंबू शिवायचा कारखाना होता. व्हर्नन स्टकी तिथे तेवीस वर्षं उभ्यानं तंबूंना पितळी कड्या ठोकत आला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नकली. जेवणाच्या सुट्टीत तो पाय काढून शेजारी ठेवायचा आणि उकडलेल्या शेंगा सोलत बसायचा. म्हणजे पायाची गोष्ट काही झाकलेली नव्हती.

सरकारचं काम घेणाऱ्या कारखान्यानं अपंगांना आणि माजी सैनिकांना कामावर घ्यायचं, त्यांची सोय बघायची, असा कायदा. त्यासाठी पाच वर्षांतून एकदा सगळ्यांना एक फॉर्म मिळे : अपंगत्व आहे, नाही, किंवा सांगायचं नाही. जबरदस्ती अजिबात नाही. त्या वर्षी पुढच्याच आठवड्यात तपासनीस यायचा होता, म्हणून ऑफिसातल्या मर्लीन ओडमबाई फॉर्म घेऊन मोजायला बसल्या.

साठातल्या एकेचाळीस जणांनी ‘आहे’वर खूण केली होती. मधुमेहवाले होते, पाठदुखीवाले होते, ते ठीकच. पण शिलाईवाल्या पर्व्हिसनं समासात ‘टर्की पक्ष्याची भीती’ असं लिहिलं होतं, आणि एकानं तर चक्क सासूचं नाव. व्हर्ननच्या फॉर्मवर मात्र ठसठशीत ‘नाही’.

विचारावं तर पंचाईत, न विचारावं तर झोप येईना. तीन दिवस त्या त्याच्या टेबलाभोवती घुटमळल्या. शेवटी म्हणाल्या, "मिस्टर व्हर्नन, फॉर्म पुन्हा एकदा बघायचाय का?"

"बघितलाय की, मिस मर्लीन."

"नाही, म्हणजे... पाय..."

"पाय नाहीये. माझं काही अडत नाही."

पण बाई हलेनात. मग त्यानं आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. तो सैन्यात आचारी होता. जर्मनीतल्या शीतगृहात गोठलेल्या बटाट्यांच्या पोत्यांची थप्पी त्याच्या पायावर कोसळली. गावानं मात्र परस्पर सुरुंगाचा स्फोट ठरवून टाकला होता. तो स्वतः कधी खोटं बोलला नव्हता, पण नाहीही म्हणाला नव्हता. आता कागदावर आलं, तर नोव्हेंबरातल्या सैनिकदिनाला महापौर भाषण करायला लावणार, आणि भाषणात बटाटे निघणार.

मर्लीनबाईंनी हसू गालात दाबलं. हा फॉर्म वेगळ्या कपाटात कुलपात जातो, मालकसुद्धा बघत नाही, आणि पाय कसा गेला हे त्यात विचारलेलंच नाही, असं त्यांनी समजावलं. त्यानं फॉर्म दोनदा वाचला नि खूण बदलली. मग, जाता जाता विचारावं तसं, कामासाठी उंच स्टूल मिळेल का म्हणाला.

"तेवीस वर्षं मागितलं का नाही?" मागणी कानावर आल्यावर मालकांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

स्टूल दुसऱ्याच दिवशी आलं. तपासनीस आला, कागद बघून, मूठभर शेंगा खाऊन गेला.

पण एकदा बटाटे तोंडातून निघाले ते निघालेच, पोटात ठरेनात. नोव्हेंबरात व्हर्नन आपणहून व्यासपीठावर गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मग मागच्या रांगेतले म्हातारे सार्जंट डेलबर्ट काठी टेकत उठले. त्यांचं अर्धं बोट युद्धात तुटलंय असं गाव चाळीस वर्षं मानत होतं.

"घेवड्याचा डबा उघडताना," ते म्हणाले, नि खाली बसले.

त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघे उठले.