शेवटी चढेल ते आधी उतरेल

आमच्या मेजरसाहेबांना जहाज उलटं दिसायचं. मद्रास बंदरात माल चढत असे आणि यांच्या डोळ्यांपुढे तो निकोबारच्या वाळूवर उतरत असे! तिथल्या एका बेटावर लष्कराची धावपट्टी बांधायची होती. ना धक्का, ना क्रेन. माल जहाजातून होडीत, होडीतून खांद्यावर. म्हणून साहेबांचा एकच मंत्र: "शेवटी चढेल ते आधी उतरेल." स्वतःचा डबाही ते तसाच लावत, दहीभात तळाला.

गडी साताऱ्याकडचा. खुशीत आले की शिव्या, रागावले की अहो-जाहो. मी त्यांच्या कचेरीत कारकून. एरवी "गाढवे" असणारी मी "अहो बाई" झाले, की समजावं, आता काही खरं नाही.

पावसाळ्याआधीचं शेवटचं जहाज लागलं होतं. त्यातून सिमेंट जायचं होतं आणि ते वाळूवर झाकायला ताडपत्र्या. ताडपत्र्यांसाठी साहेबांनीच असा लकडा लावला, की त्या सगळ्यांच्या आधी दाखल झाल्या. साहेब मीटिंगला गेलेले. आम्ही मोठ्या हौसेने त्या लगेच चढवल्या, आणि वर सिमेंट!

दुपारी साहेब आले, आत डोकावले आणि अगदी हळू म्हणाले, "अहो मंडळी, पावसात सिमेंटवर काय घालणार? माझी टोपी?"

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. कप्तान घड्याळ दाखवत होता. मुकादमाने कपाळाला हात लावला, "अय्यो सार, पुन्हा सगळं काढायचं?"

"सगळं!" साहेबांनी शर्ट काढला आणि स्वतः तळाशी उतरले. मग काय विचारता! हमाल, ड्रायव्हर, हेडक्लार्क, सगळे पोत्यांना भिडले. मी पाणी पोचवत धावत होते. सिमेंटने कोण कुठला ओळखू येईना. भोंगा झाला तेव्हा शेवटची ताडपत्री वर बसली होती. आम्ही धक्क्यावर नाचायचंच काय ते बाकी होतं! कुणीतरी तेवढ्यात आमचा फोटो काढला.

पुढे बेटावरून बिनतारी संदेश आला: "ताडपत्र्या उतरल्या. पाऊस सुरू. सिमेंट कोरडे." साहेब कचेरीभर ओरडत फिरले, "गाढवे, मैसूरपाक आण!"

वर्षभरात त्यांची बदली झाली. सामान बांधायला आम्ही क्वार्टरवर गेलो. तोच फोटो फ्रेम करून नेला होता. मी तो रिकाम्या ट्रंकेच्या तळाशी ठेवायला वाकले.

"अहो बाई," साहेब म्हणाले. आता काय चुकलं? वर पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले.

"तो शेवटी चढेल."