ओट्यापाशी बूट

कैलासयात्रेचे नवे बूट आधी पायात रुळवावे लागतात, म्हणून बायको ते घालूनच पोळ्या लाटत होती. लग्नापासून माझी चप्पल जिनं उंबरठ्याच्या आत येऊ दिली नाही, ती ही. देवाकडे निघालं की घरातले नियम सैल होत असावेत.

"आणि देवघरात?" मी विचारलं.

"तिथं काढते. तुम्ही आधी पोटाचं बघा, तिकडचा घोडासुद्धा तुम्हाला नको म्हणेल."

मी पोट आत घेतलं. तेवढाच माझा सराव.

धास्ती होती ती तिच्या गुडघ्याची. त्यानं साथ दिली नाही तर ती जाणार नव्हती, आणि तिच्याशिवाय मी. तो दुखावल्यापासून वरच्या फळीवरच्या डब्यासाठी मला हाक यायची. आज तिनं बुटांसकट टाचा उचलल्या आणि डबा सावकाश खाली घेतला.

श्वास मात्र मी सोडला.