डाव्या पायाचा भाव

सुभेदार मारुतराव जगदाळे यांना एक खोड आहे. कुठलीही गोष्ट अर्धवट ऐकली की त्यांना चैन पडत नाही. पालमच्या भाजीवाल्याने सहज म्हटलं, काल मंडीत भांडण झालं, की मारुतराव पिशवी खाली ठेवून उभे राहतात. "फिर? आगे क्या हुआ?" भाजीवाल्याला पुढचं ठाऊक नसलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा विचारतात. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला इतके प्रश्न पडू नयेत, असं त्यांच्या पत्नी तानूबाईंचं मत आहे. फौजेत विचारायची सोय नव्हती, म्हणून सगळे साठवून आणलेत आणि आता दिल्लीकरांच्या डोक्यावर काढतायत, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

आणि अशा माणसाने उतारवयात काम कुठलं निवडावं, तर ज्यात एकही गोष्ट पुरी होत नाही ते. अकरा वर्षांपूर्वी रिटायर झाल्यावर गावी, खटाव तालुक्यात परतायचं सोडून त्यांनी दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टर्सजवळच्या मैदानावर जवानांच्या मुलामुलींसाठी फुटबॉल क्लब काढला. मुलं त्यांना 'उस्ताद' म्हणतात. पोर आठव्या-नवव्या वर्षी येतं, दोन-अडीच वर्षांत चेंडू त्याचं ऐकायला लागतो, आणि तेवढ्यात वडिलांची पोस्टिंग ऑर्डर येते. ट्रंका भरल्या जातात आणि पोर भटिंड्याला, नाहीतर तेजपूरला, नाहीतर बेळगावला. उस्तादांच्या हाताखालून दोनशेच्या वर मुलं गेली, पण आपण लहानपणी घडवलेलं पोर सतरा-अठराव्या वर्षी कसं खेळतं, हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. पेरायचं आपण आणि पीक कुणाच्या खळ्यात पडलं ते कळायचंही नाही, असला हा धंदा. "त्या तेजपूरवाल्याचं पुढे काय झालं असेल गं?" असं ते जेवता जेवता विचारतात आणि तानूबाई म्हणतात, "आमटी गार होतेय."

भक्ती निंबाळकर मात्र तब्बल पाच वर्षं टिकली. तिचे वडील हवालदार उदयसिंह यांची ऑर्डर दोनदा लांबली, का ते देवाला आणि रेकॉर्ड ऑफिसलाच माहीत. पंधरा वर्षांची ही पोरगी डाव्या पायाने असा चेंडू मारायची की गोलकीपर आधी कौतुकाने बघायचा आणि मग उडी मारायचा. ऑगस्टमधल्या एका स्पर्धेत तिने तीन गोल केले. त्याच आठवड्यात दोन कागद आले. एक उदयसिंहांची ऑर्डर होती, बिन्नागुडीची, तिकडे वर बंगालात, चहाच्या मळ्यांपाशी. दुसरा कागद घेऊन फरीदाबादच्या एका मोठ्या क्लबाचा माणूस मैदानावर आला. त्याचं नाव कौस्तुभ, मूळचा पुण्याचा, गावोगाव फिरून खेळाडू हेरायचं काम त्याच्याकडे होतं.

"सर, भक्तीला आम्हाला द्या," कौस्तुभ म्हणाला. "होस्टेल, शाळा, खाणंपिणं सगळं आमचं. तुमच्या क्लबाला दीड लाख. फक्त तुमची आणि तिच्या वडिलांची सही लागेल."

मारुतरावांचा पारा चढला. "विकायला हा काय बैलबाजार वाटला तुम्हाला? पोरी आहेत त्या!"

कौस्तुभने निमूटपणे फाइल मिटली आणि तो गेटकडे निघाला. अर्ध्या मैदानापर्यंत पोचला असेल-नसेल, तोच मागून हाक आली. "अहो, थांबा जरा. हे दीड लाख काढले कसे?"

मग दोघं गोलपोस्टला टेकून पाऊण तास बोलत बसले. वय किती, किती वर्षं शिकवलंय, गुडघे कसे आहेत, हे सगळं धरून रक्कम ठरते, असं कौस्तुभने सांगितलं. "आणि डावा पाय. डावे कमी मिळतात, सर."

"उजव्या पायाची असती तर?"

"लाखाच्या वर गेलो नसतो."

मारुतरावांना हे फार नवलाचं वाटलं. पाच वर्षं तो पाय त्यांच्यासमोर धावत होता, पण त्याला बाजारात भाव असतो हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. घरी जाताना त्यांनी समोरून येणाऱ्या दोन मुलांचे पाय निरखले, आणि आपण काय करतोय हे ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एकदा विकायची चटक लागली की पुढच्या वर्षी मैदानावर पोरं दिसणार नाहीत, नुसते आकडे दिसतील. पण त्याहून मोठी अडचण दुसरीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. भक्ती बिन्नागुडीला गेली तर ही गोष्टही अर्धीच राहणार. विकली तर मेट्रोने दीड तासावर राहणार, दर रविवारी जाऊन बघता येणार. म्हणजे ही सही पोरीसाठी करायची की स्वतःची हौस भागवायला, हेच त्यांना समजेना.

समजेना म्हणून ते विचारत सुटले. आधी फरीदाबादला जाऊन होस्टेल बघून आले. दार आतून नीट बंद होतं का ते स्वतः कडी लावून पाहिलं, गाद्या दाबून पाहिल्या, स्वयंपाकिणीकडून डाळीचं प्रमाण काढून घेतलं. बुटाच्या नाड्या बांधत बसलेल्या झारखंडच्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "बेटा, यहाँ के बाद कहाँ?"

"दो सीज़न यहाँ, अंकल. फिर जो क्लब ख़रीद ले. गोवा, बंगलोर, कहीं भी."

"तुमसे पूछते हैं?"

मुलगी हसली. "पूछते नहीं, अंकल. बताते हैं."

परत येताना मेट्रोत शेजारच्याला 'कुठे उतरणार' एवढंही त्यांनी विचारलं नाही.

मग ते उदयसिंहांच्या क्वार्टरवर गेले. हवालदार उदयसिंह उठून उभे राहिले आणि बसा म्हटलं तरी बसेनात. "साहेब, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही सीनियर आहात, खेळातलं तुम्हाला कळतं."

"पण तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब." भक्तीची आई दारातून ऐकत होती. तिनेही मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती हलली, हे मारुतरावांना कळलं नाही.

घरी तानूबाई गवार मोडत बसल्या होत्या. मारुतरावांनी त्यांना फरीदाबादच्या गाद्यांपासून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सगळ्यांना विचारून झालं?" त्या म्हणाल्या. "तिथल्या स्वयंपाकिणीलासुद्धा विचारलंत. आणि भक्तीला?"

"ती लहान आहे अगं. तिला काय कळतंय."

"मी तर मोठी होते ना? नऊ वेळा ट्रंका भरल्या मी. एकदा तरी म्हणालात, तानू, जायचं का?"

"ऑर्डर असायची मला."

"तुम्हाला असायची. मला ती तुम्ही द्यायचात." त्यांनी गवारीचं देठ जरा जोरातच मोडलं. "आणि रिटायर झाल्यावर दिल्लीतच राहायचं, ती कुणाची ऑर्डर होती हो?"

 जगाला प्रश्न विचारत फिरलेला हा माणूस, आणि नेमका जवळच्या माणसाला विचारायचं राहून गेलेलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले, दुसरी पाटी घेऊन समोर बसले आणि गवार मोडू लागले. निम्मी वाकडीतिकडी मोडली, पण तानूबाईंनी ती तशीच आपल्या पाटीत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी खेळ संपल्यावर त्यांनी भक्तीला थांबवून घेतलं. काय काय घडलंय ते सांगितलं, होस्टेलबद्दल आणि तिथल्या दोन सीझनबद्दल सांगितलं, आणि 'विकणं' हा शब्द शक्यतो टाळत बोलले. भक्ती रडेल, निदान रागावेल, अशा तयारीनेच ते आले होते.

"किती देताहेत माझे?" तिने विचारलं.

मारुतराव चपापले. "दीड लाख."

"माझे? सच्ची, उस्ताद? डेढ़ लाख?" तिचा चेहरा असा उजळला की ते बघतच राहिले. "मी तीन शाळा बदलल्या. हर बार पप्पांची ऑर्डर येते आणि मी सामानाबरोबर जाते. ट्रंकांवर नंबर टाकतात ना, एक ते अकरा? मम्मी गंमतीत म्हणते, भक्ती बारा नंबर. यावेळी कुणीतरी फक्त मला मागतंय, यार!" मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी, उस्ताद."

ज्या गोष्टीची मारुतरावांना दहा दिवस लाज वाटत होती, तिचाच या पोरीला अभिमान वाटत होता. माणसाच्या मनाचा काही नेम नाही, असं त्यांना वाटलं.

"म्हणजे जायचंय तुला?"

"बिल्कुल." मग तिने विचारलं, "पण दोन साल बाद तिथून कुठे पाठवणार? मला विचारतील?"

त्यांनी तिला झारखंडच्या मुलीचं उत्तर खरं खरं सांगितलं. भक्तीने बुटाने गवत उकरलं. "अच्छा. मग तिथेपण ऑर्डरच."

त्याच संध्याकाळी मारुतरावांनी कौस्तुभला फोन लावला. सही देतो म्हणाले, पण कागदात एक ओळ घाला. पुढे कुठल्याही क्लबाला द्यायची झाली तर आधी भक्तीला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर द्यायची नाही.

"असं कलम नसतं, सर."

"नसतं, की लिहिता येत नाही?"

कौस्तुभला हसू आलं, पण त्याने वरच्या लोकांना विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. ओळ घालू, पण मग रक्कम नव्वद हजार.

"म्हणजे नाही म्हणू शकणारा खेळाडू स्वस्त पडतो?"

"हो, सर. त्याला पुढे विकण्याची खात्री नसते ना."

"अजब आहे," मारुतराव म्हणाले. मुलींना कपडे बदलायला मैदानावर एक पक्की खोली बांधायची होती, दीड लाखात ती सहज झाली असती. नव्वदात भिंती उभ्या राहतील, छताला पत्रा घालावा लागेल. त्यांनी मिनिटभर हिशेब केला आणि म्हणाले, "घाला ओळ."

सह्या उदयसिंहांच्या क्वार्टरवर झाल्या. निघायला चार दिवस उरले होते, व्हरांड्यात ट्रंकांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. कागद इंग्रजीत होता, भक्तीने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि आकड्याशी येऊन अडखळली.

"उस्ताद, तुम्ही तर दीड म्हणाला होता." तिचा आवाज एवढासा झाला. "हे नव्वद का? मी काय खराब खेळले?"

"खाली वाच. सात नंबर."

तिने सातवं कलम वाचलं, पुन्हा वाचलं.  मग तिने कागद वडिलांपुढे धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पप्पा, तुमच्या ऑर्डरमध्ये हे नाही लिहून घेता येत?"

आईने डबा भरता भरता हात थांबवले. कौस्तुभ उगाचच मोबाइल बघू लागला.

"नाही, बेटा," उदयसिंह म्हणाले. "आम्हाला नसतात विचारत."

मारुतरावांना राहवलं नाही. "आणि विचारलं असतं तर?"

उदयसिंहांनी पेन हातात घेतलं होतं. साहेबांसमोर ते पहिल्यांदाच न सांगता खुर्चीवर बसले.

"तर नाही म्हटलं असतं, साहेब. पोरीला इथे एकटीला टाकून कोण जातंय." मग त्यांनी कौस्तुभने दाखवलेल्या जागी सही केली.