गीझरमधली सळई

दिवाळीच्या आधी गीझर उघडून साफ करायचा, ही आमच्या ह्यांची पद्धत. हे गेल्यावर दोन दिवाळ्या मी तो उघडलाच नाही. यंदा मिस्त्रीला बोलावलं.

त्याने टाकी रिकामी केली, तेव्हा बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार भरड पिठासारखा फरशीवर सांडला. मग आतली एक सळई काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. नवी असताना अंगठ्याएवढी जाड असते म्हणे. आता नुसती खरबरीत तार उरली होती.

"पाणी आधी हिला खातं, काकू," तो म्हणाला. "ही आहे तोवर टाकी टिकते. वेळेवर बोलावलंत."

मी सळईकडे बघत राहिले. ही आत झिजत होती आणि मी रोज स्तोत्र पुटपुटत ऊन पाणी अंगावर घेत होते. पाणी कधी कमी तापलं नाही, कसला आवाजही आला नाही.

पूर्वी सणाच्या तोंडावर तो राडा बघून मी चिडायचे. "चालू आहे ना, मग कशाला उघडता?"

हे हसायचे. "बंद पडल्यावर उघडून काय उपयोग?"

शेवटच्या वर्षी जिना चढताना ह्यांना धाप लागायची. डॉक्टरांकडे चला म्हटलं, की म्हणायचे, "चालू आहे ना सगळं, मग कशाला?"

माझंच वाक्य. मी विषय सोडून द्यायचे. उत्तर तर ह्यांनीच मला दर दिवाळीला दिलेलं होतं.