गोड कणकेच्या गोळ्या

कणकेत गूळ कालवल्याचा वास आला, की मला लखनौच्या पार्कातला तो तलाव दिसतो. बाबा गेल्यावर आई रोज सकाळी कणकेच्या गोड गोळ्या घेऊन त्यांच्या नावाने माशांना घालायला जाई, आणि मी आमच्या कुत्र्याला कुत्र्यांसाठीच्या जाळीच्या आवारात सोडून तिच्याशेजारी पायरीवर बसे. गळवाले समोरच्या काठावर बसत. आईची चाहूल लागताच पाणी खळबळे. "ओळखतात गं मला," ती म्हणे. एका सकाळी मात्र समोरच्या गळवाल्यांपैकी एक गृहस्थ बादली घेऊन आमच्या पायरीशी आले. "आंटीजी, मछलियों को आपने क्या आदत डाली है! आप उठकर गईं कि हम यहीं काँटा डाल देते हैं. लीजिए, कल की पकड़ी मछलियाँ. आपका भी तो हक़ बनता है." त्यांनी अगदी अदबीने बादली पुढे केली. आत चार मासे तडफडत होते. आई पांढरीफटक पडली. मग तिने बादली हिसकावून तलावात उपडी केली. तीन मासे खोल गेले, चौथा गर्रकन वळून तिच्या हाताशी परत आला, तोंड उघडून. आईने मूठ घट्ट मिटली. आज आई नाही, आणि कुठल्याही तळ्याकाठी माझी मूठ उघडत नाही.